भावाला क्षमा केली, मग लोनवर सही का नाही?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाने आजवर तीन वेळा पैसे नेले, एकदाही परत केले नाहीत. आता नवीन धंद्यासाठी लोन काढतोय आणि जामीनदार म्हणून माझी सही हवी आहे. आई म्हणते भावाला नाही म्हणू नकोस, माझ्यासाठी कर. प्रार्थनेच्या ग्रुपवर मी विनंती टाकली तर ग्रुपमधल्या बहिणी 'साताच्या सत्तर वेळा' क्षमा कर हेच वचन पाठवतात. नवरा सही करायच्या विरोधात आहे. बायबल उघडून येईल ते पान वाचते तर एकदा 'मागतो त्याला दे' निघतं, एकदा जामीन राहू नको असं निघतं. दोन महिन्यांपूर्वी भावाला 'प्रार्थना करून सांगते' म्हणाले, अजून सांगितलेलं नाही. जुने पैसे किती आणि कधी नेले ते सगळं फोनमध्ये लिहून ठेवलंय, भांडण झालं की वाचून दाखवते. इतका राग आहे मनात की प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेणंही बंद केलंय. ख्रिस्ती म्हणून मी नक्की काय करायचं? (नाव छापू नका)

ताई, उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना टेन्शन नको. सही करू नका. आणि भावाला क्षमा करा, मनापासून, ती फोनमधली यादी डिलीट करण्याइतकी. तुम्हाला वाटतंय यातलं एकच काहीतरी करता येईल, क्षमा केली तर सही करावीच लागेल आणि सही नाही केली म्हणजे क्षमाच केली नाही, आणि हा घोळ तुमचा एकटीचा नाही, निम्म्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, तो चालू असतो. पण शास्त्र या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरतं, नीट वाचलं तर.

आता ते वचन, मत्तय १८:२२. येशूच्या शिष्याने, पेत्राने, विचारलं की माझ्या भावाने माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? त्याला वाटलं असणार सात म्हणजे मी खूपच मोठं मन दाखवतोय. येशूने त्याचं सात घेतलं आणि साताच्या सत्तर वेळा केलं. वचन तसंच आहे, त्यातून पळवाट काढायला मी तुम्हाला मदत करणार नाही. पण ज्या बहिणी ते पाठवतायत त्यांनी त्याच अध्यायात सात वचनं वर जायला हवं होतं. १५ व्या वचनात येशू म्हणतो की भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना त्याला त्याची चूक दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. लूक १७:३ मध्ये तर दोन्ही एकाच दमात आहे, भाऊ चुकला तर त्याला बजाव आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. म्हणजे मोजदाद न करता क्षमा करायला जो सांगतो तोच सांगतो की चुकीला चूक म्हण, तोंडावर म्हण, आणि आधी एकट्यात म्हण.

आणि तुमच्या पत्रात हेच कुठे दिसलं नाही मला. आईशी बोललात, नवऱ्याशी बोललात, ग्रुपवर टाकलंत (प्रार्थनेची विनंती या नावाखाली आपण घरातलं काय काय चारचौघात मांडतो यावर एकदा वेगळं लिहावं लागेल), भावाला भांडणात यादीसुद्धा वाचून दाखवलीत, पण शांतपणे, दोघंच असताना, 'तू पैसे नेलेस आणि परत दिले नाहीस, त्याने मला त्रास झालाय' असं कधी म्हणालात? भांडणात वाचलेली यादी म्हणजे चूक दाखवणं नाही, तो मारा झाला. समोरचा त्यात स्वतःला वाचवायच्या मागे लागतो, पश्चात्ताप कुठून करणार?

पेत्राच्या प्रश्नानंतर लगेच येशू दृष्टांत सांगतो, राजाने ज्याचं कर्ज माफ केलं तोच चाकर बाहेर जाऊन सोबत्याचा गळा धरतो तो. हा दृष्टांत शिकवताना सोबत्याचं देणं म्हणजे अगदीच चिल्लर असं सांगायची सवय आहे. चिल्लर नव्हतं हो. शंभर दीनार होते, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तयानेच पुढे २० व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या गोष्टीत लिहिलंय. म्हणजे तीन महिन्यांहून जास्त दिवस राबून मिळालेला पैसा. त्या चाकराचे खरेच पैसे अडकलेले होते, जसे तुमचे अडकलेत. येशू कुठेही असं म्हणत नाही की तुझं काही गेलंच नाही, उगाच काय धरून बसलीस. तो फक्त ते देणं दुसऱ्या देण्याच्या शेजारी ठेवतो. दहा हजार तालांत, एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, हिशोब केला तर त्या चाकराला जे माफ झालं ते सोबत्याच्या देण्याच्या सहा लाख पट होतं. देवाने तुम्हाला जे सोडलंय त्याच्यासमोर भावाचं देणं ठेवा, क्षमेचं बळ तिथून येतं. 'जाऊ दे, आपलाच आहे' असं स्वतःला समजावून येत नाही, कारण आपलाच आहे म्हणून तर जास्त दुखतं. स्तोत्र ५५ मध्ये तेच रडणं आहे, शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं, पण तू, माझा सोबती. ते स्तोत्र वाचा, राग आल्यावर देवासमोर काय बोलायचं हे सुचत नसेल तर तेच मोठ्याने वाचा.

आणि त्याच दृष्टांतातली एक साधी गोष्ट बघा. राजाने चाकराचं कर्ज सोडलं. त्याला नवीन कर्ज दिलं नाही, आणि दुसऱ्या कुणाकडे त्याच्यासाठी जामीनही राहिला नाही. माफी मागच्या देण्याची होती, पुढच्या व्यवहारावर तिथे कुणी काही बोललेलं नाही.

मग जुन्या पैशांचं काय? इथे तुम्हाला ठरवावं लागेल, आणि एकदाच. दोन रस्ते आहेत आणि दोन्ही शास्त्रात बसतात. एक, हे देणं आहे, परत कर, जमेल तसं थोडं थोडं कर, असं स्पष्ट सांगणं. देणं मागणं पाप नाही, प्रेषित पौलसुद्धा फिलेमोनाला लिहिताना त्याच्या दासाने, अनेसिमाने, काही नुकसान केलं असेल तर ते नाही असं म्हणत नाही, माझ्या नावावर मांड म्हणतो, म्हणजे कुणाच्या तरी नावावर मांडतोच. दुसरा रस्ता, सोडून देणं, लूक ६:३५ प्रमाणे परत मिळायची आशा न ठेवता. पण तुम्ही दोन्हीच्या मध्ये बसलायत, मागायचंही नाही आणि सोडायचंही नाही, फक्त भांडणाच्या वेळी बाहेर काढायचं, आणि हा जो मधला कोपरा आहे ना तिथे प्रीती राहू शकत नाही, १ करिंथ १३ मध्ये प्रीती अपकारांचा हिशोब ठेवत नाही असं जे म्हटलंय ते नेमकं अशा याद्यांबद्दलच आहे असं मला वाटतं. मला विचाराल तर तुमच्या पत्रातून ते पैसे येतील असं काही दिसत नाही, तेव्हा सोडा. नवऱ्याला विचारून सोडा, त्याचेही असतील त्यात.

आता जामीन. याबद्दल बायबल जितकं सरळ बोलतं तितकं फार थोड्या व्यवहारी गोष्टींबद्दल बोलत असेल. नीतिसूत्रे ६:१-५, ११:१५, १७:१८, २२:२६-२७, चार ठिकाणी तोच इशारा. ६ व्या अध्यायात तर म्हटलंय की जामीन राहून स्वतःच्याच शब्दात अडकला असशील तर जा, नमतं घे, त्याच्या मागे लाग, डोळ्याला डोळा लागू देऊ नको, शिकाऱ्याच्या हातून हरिणी निसटते तशी सुटका करून घे. आणि २२ व्या अध्यायात विचारलंय की फेडायला तुझ्याकडे काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण कुणी का ओढून न्यावं? मला हे वचन फार आवडतं, त्यात उपदेशाचा सूर नाही, घरातलं माणूस ओरडतं तसं आहे. आणि आजही गॅरंटरचं तेच होतं, लोक समजतात आपण फक्त ओळख पटवायला सही करतोय, पण कर्जदाराने हप्ते थकवले की बँक जामीनदाराच्या दारात येते, आणि कर्ज फिटेपर्यंत मनात आलं म्हणून त्यातून बाहेर पडता येत नाही. उद्या तुम्हाला स्वतःला लोन हवं असेल तर ही जबाबदारी तिथेही मोजली जाऊ शकते.

तुम्ही म्हणाल 'मागतो त्याला दे' हेही येशूनेच सांगितलंय, मत्तय ५:४२. सांगितलंय, आणि ते पाळायचंच आहे. पण देणं म्हणजे हातात जे आहे त्यातलं देणं. जामीन राहणं म्हणजे जे अजून हातात आलेलंच नाही ते लिहून देणं, तुमची, नवऱ्याची, मुलं असतील तर त्यांची पुढची वर्षं. याकोब ४ मध्ये म्हटलंय तुम्हाला उद्याचं ठाऊक नाही, आणि तुम्ही तर दुसऱ्याच्या उद्याची हमी देणार. शिवाय २ करिंथ ९:७, प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खंत करत किंवा भाग पडलं म्हणून नाही. आई रडते म्हणून, ग्रुपवर वचन आलं म्हणून, हे भाग पडणंच झालं.

एक जण मात्र बायबलमध्ये भावासाठी जामीन राहिला, आणि त्याच्याबद्दल मी लिहिलं नाही तर तुमच्या ग्रुपमधली अभ्यासू बहीण ते पाठवेलच म्हणून आधीच सांगते. यहूदा, याकोबाच्या बारा मुलांपैकी एक. उत्पत्ती ४३:९, धाकट्या भावाला, बन्यामिनाला, मिसरात नेताना तो बापाला म्हणतो मी त्याला जामीन, तो परत आला नाही तर जन्मभर दोष माझ्यावर. आणि पुढच्या अध्यायात मिसरच्या अधिकाऱ्याचा प्याला बन्यामिनाच्या गोणीत सापडतो तेव्हा हा खरोखर पुढे होतो आणि म्हणतो पोराऐवजी मला गुलाम करून ठेवा. बघा, सही करताना त्याला माहीत होतं की भरायची वेळ आली तर पूर्ण भरावं लागेल, स्वतःच्या अंगाने, आणि वेळ आली तेव्हा त्याने कुरकुर केली नाही. इब्री ७:२२ मध्ये येशूलाही जामीन म्हटलंय, त्याने तर शेवटपर्यंत भरलं. तेव्हा स्वतःला विचारा, हे सगळं कर्ज उद्या माझ्यावर आलं तर मी ते भावाला दिलेली भेट समजून हसत फेडीन का, नवरा फेडू देईल का, आणि फेडल्यावर नवीन यादी करणार नाही ना? उत्तर हो असेल तर करा सही, मी अडवणारी कोण. पण तुमचं पत्र वाचून उत्तर नाही आहे हे दिसतंय.

यहूदाचं नाव निघालं तर त्याचीच गोष्ट थोडी मागे नेऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. स्वतःच्या भावाला, योसेफाला, विकायची कल्पना याच यहूदाची, उत्पत्ती ३७:२६. वर्षांनी दुष्काळात हेच भाऊ आता मिसरचा अधिकारी झालेल्या योसेफासमोर धान्य मागायला उभे राहतात, ते त्याला ओळखत नाहीत, तो त्यांना ओळखतो. तेव्हा योसेफ काय करतो? बाजूला जाऊन रडतो, ४२:२४. म्हणजे मनात दगड नाही. त्यांना धान्य देतो, त्यांचे पैसे गुपचूप त्यांच्याच गोणीत परत टाकायला लावतो, वाटेची शिदोरी देतो. उपाशी ठेवत नाही, पैशाचा हिशोब काढत नाही, वडिलांपर्यंत धान्य पोचेल हे बघतो. आणि तरीसुद्धा मी तुमचा योसेफ असं सांगत नाही. शिमोनाला ठेवून घेतो, बन्यामिनाला आणा म्हणतो, प्याला लपवतो, मला तर यात तो बघत असल्यासारखं वाटतं की ही माणसं अजून तीच आहेत का, बापाच्या लाडक्या पोराला पुन्हा टाकून जातील का. आणि यहूदा 'मला ठेवा' म्हणतो त्या क्षणी योसेफाचा बांध फुटतो, ४५ व्या अध्यायाची सुरुवातच ती आहे. मदत पहिल्या भेटीतच मिळाली, विश्वास मात्र माणूस बदललेलं दिसल्यावर. योसेफाने क्षमा केली नाही असं कोण म्हणेल?

दावीदही तसाच, त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल हातात सापडला असताना दोनदा सोडला, शौल रडला, चुकलो म्हणाला, परत ये म्हणाला, आणि १ शमुवेल २६ च्या शेवटी दावीद आपल्या वाटेने निघून गेला. शौलाच्या घरी राहायला गेला नाही.

आईबद्दल थोडंच लिहिते. आईबापाचा मान ठेव ही आज्ञा आहे, आणि मार्क ७ मध्ये येशू त्या लोकांवर चांगलाच चिडलाय जे देवाधर्माचं कारण पुढे करून आईबापाला मदत करायचं टाळत होते. म्हणून या सगळ्या भांडणात आईचं औषधपाणी, तिला फोन करणं, तिच्याकडे जाणं यात काडीचाही फरक पडू देऊ नका. पण आईचा मान आणि बँकेच्या कागदावरची सही यांचा संबंध आईने लावलाय, आज्ञेने नाही. लूक १२ मध्ये एकाने येशूला येऊन सांगितलं, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा, आणि येशू म्हणाला मला तुमचा वाटणी करणारा कुणी नेमलं? पैशाच्या भांडणात प्रभूलाच आपल्या बाजूला ओढायची खोड जुनी आहे, तुमच्या घरात आई, तुम्ही आणि नवरा तिघंही तेच करताय.

पान उघडून वचन काढायचं मात्र आजपासून बंद करा. ती चिठ्ठी टाकायची पेटी नाही, आणि निकाल लागत नाहीये हे तुम्हीच लिहिलंय. एक अध्याय पूर्ण वाचत जा.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेलं सांगू का? ते 'प्रार्थना करून सांगते.' दोन महिने! प्रार्थना करायचीच होती तर तुमचा हेतू चांगला होता हे मी मानते, पण खरं सांगा, त्या वेळी तुम्हाला उत्तर माहीत होतं ना? आपल्या विश्वासी लोकांमध्ये हे वाक्य नाही म्हणायची सभ्य पद्धत होऊन बसलंय, कुणी काही काम सांगितलं की प्रार्थना करून सांगतो, कुणी स्थळ आणलं की प्रार्थना करून सांगतो, मग फोन उचलायचा नाही, आणि समोरचा माणूस देवाच्या नावावर ताटकळत बसतो. येशूने मत्तय ५:३७ मध्ये तुमचं बोलणं हो तर हो, नाही तर नाही एवढंच असू द्या म्हटलंय. भाऊ बिचारा, हो, पैसे बुडवले तरी या बाबतीत बिचाराच, त्याने कदाचित तुमच्या सहीच्या भरवशावर दुसरीकडे विचारलंही नसेल. तीन वेळा त्याने तुम्हाला फसवलं असेल, पण या दोन महिन्यांचं देणं तुमच्याकडे निघतं.

तेव्हा आधी नवऱ्याबरोबर बसा आणि ठरवा, जुने पैसे सोडायचे का, आणि आत्ता मदत म्हणून खरोखर काय देता येईल. कारण नुसतं नाही म्हणून चालणार नाही, याकोब २:१५-१६ मध्ये उघड्यानागड्या भावाला सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव असं नुसतं म्हणणाऱ्यांना धरलेलंच आहे. पैसा असेलच असं नाही. त्याच्या धंद्याचा हिशोब शांतपणे बघून देता येईल, थोडक्या पैशात सुरू होतं का ते बघता येईल, घरात अडचण असेल तर धान्य किंवा मुलांची फी थेट भरता येईल, जेवढं परत आलं नाही तरी चालेल तेवढंच.

मग फोन करा. मेसेज नाही, ग्रुप नाही, आईच्या मार्फत नाही. भेटता आलं तर अजून चांगलं. आणि काय बोलायचं ते पाठ करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी यादी निघेल. असं काहीतरी: 'मी सही करणार नाहीये. हे मला दोन महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं, तुला लटकवून ठेवलं, त्याबद्दल सॉरी. आधी तीनदा नेलेले पैसे तू दिले नाहीस, त्याने मला लागलंय, हे तुला सांगायचं होतं. ते पैसे आम्ही दोघांनी सोडलेत, पुन्हा कधी काढणार नाही. धंद्याचा हिशोब घेऊन ये, आपण बसू.' बस. त्याने वाद घातला तर तेच परत म्हणा. वचनं फेकू नका त्याच्यावर, नीतिसूत्रे २२ तर अजिबात नको.

तो चिडेल. पहिल्यांदा तरी चिडेलच. रोम १२:१८ मध्ये पौलाने 'शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं' सगळ्यांशी शांतीने राहा असं लिहिलंय, ती अट उगाच घातलेली नाही, तुमच्या हातात तुमचीच बाजू आहे. आणि राग तुमचाही लगेच जाणार नाही, यादी डिलीट केल्यावरही ती मनात पाठ असेल, परत आठवलं की परत सोडायचं, साताच्या सत्तर वेळा एकाच अपराधासाठीसुद्धा लागू शकतात.

राहिलं प्रभुभोजन. तुम्ही १ करिंथ ११ च्या भीतीने थांबलाय असं वाटतं, अयोग्य रीतीने खाल्लं तर दोषी ठरू म्हणून. पण तिथे पौल ज्यांना झापतोय ते आधी येऊन पोटभर खाणारे आणि गरिबाला उपाशी ठेवणारे लोक होते, आणि २८ व्या वचनात तो स्वतःला पारखा आणि मग भाकर खा म्हणतो, पारखा आणि घरी बसा असं म्हणत नाही. मत्तय ५:२३-२४ मात्र तुम्हाला लागू आहे, वेदीजवळ आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. भावाच्या मनात ते दोन महिने आहेत. म्हणून फोन आधी करा, पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी. तो नीट बोलला तर बरंच, त्याने फोन आपटला तरी तुमचं जाणं झालेलं असेल, तेव्हा मेजापाशी जा आणि घ्या.